सर्व्हरचा मानपान

सर्व्हरचा मेंदू कोण आणणार, यावरून गणपतरावांच्या ऑफिसात चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा तो कुणी सांगितलाच नाही.

कसबा बावड्यात गणपतराव आणि त्यांचे दोन भाऊ, उदयसिंह आणि आकाराम, यांचा पशुखाद्याचा धंदा होता. गोदाम एक, पण टेबलं तीन आणि कॉम्प्युटरही तीन. एका कॉम्प्युटरवर काय चाललंय याचा दुसऱ्याला पत्ता नसायचा. त्यामुळे सरकी पेंडीचं एकच पोतं तिन्ही भाऊ तीन गिऱ्हाइकांना मनापासून विकायचे. गेल्या महिन्यात एकाच थप्पीवर तीन ट्रॅक्टर येऊन उभे राहिले आणि तिन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. तेव्हा गणपतरावांचा मुलगा धैर्यशील म्हणाला, "बाबा, आता सर्व्हर घेऊ या. सगळा माल एका जागी लिहिला जाईल. एकानं पोतं विकलं की तिघांनाही दिसंल."

धैर्यशील कॉम्प्युटरचा इंजिनिअर. पुण्याला शिकून परत आला होता. पण या सर्व्हरमागे त्याचं स्वतःचं एक काम अडकलं होतं, आणि त्या कामाचं नाव होतं तेजस्वी. दोघं एका वर्गात होती आणि दोघांचं ठरलेलं होतं. ठरायचे राहिले होते फक्त तिचे वडील. आजऱ्याच्या इंगवल्यांचा काजूचा मोठा कारखाना, आणि माणूस परीक्षेचा पक्का. "पोरगं कॉम्प्युटर शिकलंय आणि पेंड विकतंय? रविवारी जातो आणि काय करतंय ते डोळ्यांनी बघतो," एवढंच ते म्हणाले होते.

"आमचे बाबा काजूसुद्धा फोडून बघतात," तेजस्वीनं फोनवर बजावलं होतं. "तोंडाच्या गप्पा मारू नकोस. चालू सर्व्हर दाखव. नाहीतर ते उठून चालायला लागतील, आणि मी काही त्यांना अडवू शकणार नाही."

मंगळवार पेठेत चन्नाप्पाचं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. चन्नाप्पा निपाणीच्या पलीकडचा, कामाला चोख. त्यानं धैर्यशीलला सल्ला दिला, "तयार सर्व्हर नको, अण्णा. सुटे भाग घिऊन तुमच्या कामापुरता जोडू. पण भाग एकमेकांना मिळते पायजेत हं. प्रोसेसर म्हंजे मेंदू. मदरबोर्ड म्हंजे तो मेंदू बसतो तो पाट. मेंदूला पाट बसला न्हाय, तर सगळंच बसलं. सगळं एका हातानं घ्या."

नेमकी हीच गोष्ट त्या घरात होण्यासारखी नव्हती.

"एका हातानं?" गणपतराव म्हणाले. "घरात एवढं मोठं काम निघालं आणि तू एकटा बाजार करणार? मग भाऊ कशाला हैत?"

गणपतरावांच्या भीतीला कारण होतं. थोरल्या मुलीच्या लग्नात उदयसिंहांना फेटा बांधायला जरा उशीर झाला, तर गडी कार्यालयाच्या फाटकापाशी खुर्ची टाकून, लग्नाकडं पाठ करून बसला. जिलेबीला शिवला नाही. अक्षता पडल्या तेव्हा पेपर वाचत होता. ती पाठ अजून लग्नाच्या अल्बममध्ये तीन फोटोंत आहे.

तेव्हा सर्व्हरचा मानपान ठरला. थोरले म्हणून मेंदू गणपतरावांनी आणायचा. मधले म्हणून पाट, म्हणजे मदरबोर्ड, उदयसिंहांचा. आणि रॅम, म्हणजे मशीनची चालू कामापुरती आठवण, ती धाकट्या आकारामांची. धैर्यशीलनं पुन्हा पुन्हा सांगितलं, "काका, चन्नाप्पा सांगंल तेच आणा."

"आमाला काय कळत न्हाय व्हय?" उदयसिंह म्हणाले.

गणपतरावांनी दुकानात विचारलं, "सगळ्यात भारी कंचा?" आणि तो घेऊन आले. उदयसिंह तरुणपणी तालमीत होते. त्यांनी दुकानातला एकेक मदरबोर्ड हातात घेऊन वजन बघितलं आणि सगळ्यात जड होता तो निवडला. तो निघाला दुसऱ्याच कंपनीच्या प्रोसेसरचा. आकारामांनी रॅम आणली ती लायटिंगची. लाल, निळी, हिरवी.

"नाद खुळा!" आकाराम डबी उघडून म्हणाले. "चालू झालं की जाळ आनि धूर संगटच!"

"अय्यो, धूर नको हो," चन्नाप्पा घाबरून म्हणाला.

त्यानं तिन्ही वस्तू टेबलावर मांडल्या, उलटसुलट करून बघितल्या आणि हात पुसले. "अण्णा, ह्यातला एकबी दुसऱ्याशी बोलत न्हाय. मेंदूचं घर येगळं, पाटाची बैठक येगळी, आनि रॅम तर दोघांच्याबी ओळखीची न्हाय."

"मग बदलून आणू," धैर्यशील म्हणाला. "अजून दोन दिवस हैत."

तेव्हा चन्नाप्पानं मदरबोर्ड त्याच्यासमोर धरला. बोर्डावरच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, लग्नातल्या ताटावर घालतात तशा वळणदार अक्षरांत कोरलं होतं : श्री. उदयसिंह यांजकडून सप्रेम भेट.

"काका, हे काय?"

"नाव घातलं," उदयसिंह म्हणाले. "वस्तू द्यायची आनि नाव घालायचं न्हाय? उद्या कुणाला कळणार कुणी दिली ते? भांडीवाल्याकडनं घालून घेतलं. त्या मशीननं टर्रर्र करून पाच मिनटात."

उदयसिंहांनी नाव घातलं म्हटल्यावर बाकीचे मागं राहतील? रॅमच्या पत्र्यावर 'आकाराम व सौ. चिमणाबाई' अशी जोडी होती. प्रोसेसर इवलासा, तिथं भांडीवाल्याची सुई कशीबशी फिरली होती, पण 'ग. रा.' एवढं आलं होतं. आकारामांनी चन्नाप्पालाही वर सुचवलं, की स्क्रूवर जागा असंल तर त्याचंही नाव घालून घ्यावं.

धैर्यशीलनं तिन्ही दुकानांना फोन लावले. तिघांचं उत्तर एकच. "पावणं, नाव घातलेलं ताट परत घेत न्हाईत. हे कसं घेणार?"

आता एकच वाट होती. दोघांच्या वस्तू बाजूला ठेवायच्या आणि तिसऱ्याच्या वस्तूला मिळते भाग नवे घ्यायचे. धैर्यशीलनं हे शब्द जपून, साखर घालून मांडले. तरी ऑफिसात आग लागली.

"थोरल्याचं बाजूला काढणार?" गणपतराव कडाडले.

"माझा पाट काढलास, तर रविवारी पावण्याकडं पाठ करून बसतो बघ," उदयसिंह म्हणाले. ही धमकी पोकळ नव्हती, अल्बम साक्षीला होता.

"चिमणाबाईचं नाव हाय त्यावर," आकाराम काकुळतीला आले. "घरात काय सांगू मी?"

या रणधुमाळीत दारात आक्का येऊन उभी राहिली. आक्का म्हणजे या तिघांची थोरली बहीण. घर गोदामाच्या मागंच. म्हशी तिच्या, दूध तिचं, आणि घरातला शेवटचा शब्दही तिचाच. "भावाभावांनी मान वाटून घेतला व्हय?" ती म्हणाली. "आनि भन मेली काय?"

तिघंही भाऊ धैर्यशीलकडं बघायला लागले, जणू आक्काला तोच विसरला होता. धैर्यशील गडबडीनं म्हणाला, "तुझा मान राखून ठेवलाय की, आक्का. कॅबिनेट. हे सगळं ज्याच्यात ठेवायचं, ती पेटी."

"मशीन तापतंय काय?"

"लई तापतं. वारा लागतो त्याला."

"बरं," म्हणून आक्का गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरातनं चौघांनी उचलून आणलं ते पुरुषभर उंचीचं, पोपटी रंगाचं, जाळीच्या दारांचं दुभत्याचं कपाट. दारावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : आक्कांकडून.

"आक्का, हे दुधाचं कपाट हाय!"

"मग? ह्यात दूध नासत न्हाय, तुझं मशीन काय नासणार? वारा येतोय, मांजर शिरत न्हाय, कुलूप हाय. आनि काय पायजे?"

धैर्यशील मटकन खुर्चीत बसला. डोळ्यांसमोर इंगवले उठून चालायला लागलेले दिसले, मागं तेजस्वी दिसली. चन्नाप्पा मात्र कपाटाभोवती फिरत होता. दार उघडून बघत होता, कप्पे मोजत होता. आणि त्या कप्प्यांकडं बघता बघता धैर्यशील ताडकन उठला.

"चन्नाप्पा, माझा कॉलेजातला कॉम्प्युटर घरी पलंगाखाली हाय. तीन टेबलांची पोती लिहायला त्यो पुरंल का?"

"पुरून उरंल, अण्णा. पोतीच मोजायची हैत न्हवं, रॉकेट सोडायचं न्हाय."

दुपारी भाऊ जेवून आडवे झाले आणि हे दोघे कामाला लागले. जुना कॉम्प्युटर पुसून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला, तिथून तिन्ही टेबलांना तारा ओढल्या, त्याच्यापुढं कापडाचा पडदा लावला. वरच्या कप्प्यांत लग्नात रुखवत मांडतात तशी मांडणी झाली. वर गणपतरावांचा मेंदू लाल मखमलीवर, मध्ये उदयसिंहांचा पाट उभा करून, खाली आकारामांची रॅम. तिच्यामागं गणपतीतली लायटिंगची माळ. जाळीतून ते असं काही दिसलं, की झोपेतून उठून आलेले आकाराम दारातच थांबले आणि म्हणाले, "आयला, चिमणाबाईला बोलवून आणतो." आपापलं नाव कपाटात झळकलं म्हटल्यावर आत मशीन कुणाचं चालतंय हे तिघांनीही विचारलं नाही.

आक्का संध्याकाळी आली. तिनं पडदा उचलला, आत बघितलं, मग धैर्यशीलकडं बघितलं. धैर्यशीलनं मान खाली घालून खरं ते सांगून टाकलं. आक्का हसली नाही, रागावली नाही. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि निघून गेली.

रविवारी इंगवले आले. उंचापुरा माणूस, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. "या पावणं, बसा," झालं, चहा झाला. तिन्ही भाऊ कपाटाशेजारी आपापलं नाव झाकणार नाही अशा बेतानं उभे राहिले. हार झाला, नारळ झाला. बटण गणपतरावांनी दाबायचं ठरलं होतं. आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की किल्ली आक्काकडं आहे, आणि आक्का तिथं नाही.

धैर्यशील मागच्या दारानं घराकडं धावला. आक्का सोप्यात शांतपणे तांदूळ निवडत बसली होती.

"आक्का, किल्ली! पावणं आल्यात!"

"मला बोलावणं आलं न्हाय."

"अगं, घरच्या माणसाला कसलं बोलावणं?"

"मग भाऊ कुठल्या गावचं हैत? त्यांचा मान झाला की. बटण कोण दाबणार म्हणं?"

"बाबा."

"मग बाबालाच सांग, किल्ली नवी करून घे." तिनं एक खडा काढून टाकला. "आनि पडद्याच्या मागं कोण बसलंय, ते सांगू काय पावण्याला?"

धैर्यशीलनं तिचे पायच धरले. "आक्का, तू दाब बटण! तूच दाब! पण चल!"

आक्का लुगडं सारखं करून उठली, ऑफिसात आली, सगळ्यांदेखत कुलूप काढलं आणि पडद्यात हात घालून बटण दाबलं. गणपतरावांनी तोंड उघडलं होतं, ते तिच्याकडं बघून मिटलं. तिन्ही टेबलांवर एकदम उजेड पडला. आकारामांनी आपल्या कॉम्प्युटरवर पेंडीची शेवटची थप्पी विकून बघितली. ती गणपतरावांच्या कॉम्प्युटरवरूनही गेली. उदयसिंहांनी सवयीनं तीच थप्पी पुन्हा विकायला घेतली, तर समोर अक्षरं आली, 'माल शिल्लक नाही'. उदयसिंह कॉम्प्युटरकडं अशा नजरेनं बघत राहिले, जणू त्यानंच त्यांच्या फेट्याला उशीर केला होता.

इंगवले मात्र कपाटासमोर उभे होते. चष्मा लावून त्यांनी एकेक नाव वाचलं. "हे कुणी दिलं? आनि हे? बरं." मग ते वाकले. खालच्या कप्प्यातून बारीक घरघर येत होती. चन्नाप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. इंगवल्यांनी दोन बोटांनी पडदा उचलला, बराच वेळ आत बघितलं, आणि जिथल्या तिथं सोडून दिला.

काजू फुटला होता.

ते सावकाश वळले. "हे सगळं कुणी बसवलं?"

"मी," धैर्यशील म्हणाला.

"आनि तिघांतलं कुणीच रुसलं न्हाय?"

"आमी? रुसतोय कशाला?" उदयसिंह म्हणाले. आक्का फस्सकन हसली.

इंगवल्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आमी भाऊ सात हैत," ते म्हणाले. "सातांचं गोदाम एक, आनि गिऱ्हाईक येऊन रोज भांडतंय. गणपतराव, साखरपुड्याचा दिवस तुमी धरा. पण आदी तुमच्या पोराला आजऱ्याला लावून द्या. असलंच कपाट आमाला करून पायजे."

ऑफिसात एकच गलका झाला. आकाराम पेढे आणायला पळाले, गणपतरावांनी चहा सांगितला आणि या वेळी तो गरम असतानाच सगळे प्यायले. धैर्यशील इंगवल्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं कानात म्हणाले, "पडदा तेवढा जाड घ्या. आमची माणसं वाकून बघत्यात."