कागदाचं बी

ठकीच्या बालवाडीतल्या बाईंचं पत्र कित्येक दिवस आजोबांच्या शब्दकोशात पडून होतं. पत्र साधंच होतं. 'वसंत ऋतूनिमित्त मुलांना कागदाची सोपी फुलं, फुलपाखरं करून दाखवाल का? आपणांस काय साहित्य लागेल, तेही कळवावे.' आजोबांना 'नाही' एवढंच कळवायचं होतं. पण सुरुवात 'आदरणीय'ने करावी की 'माननीय'ने, हे बघायला त्यांनी शब्दकोश उघडला, पत्र खूण म्हणून आत ठेवलं, आणि शब्दकोशाबरोबर तो विषयही मिटला.

"अहो, एक ओळ खरडायला काय होतं?" आजी रोज विचारायची.

"खरडायला काही होत नाही. पाठवायला होतं."

आजोबा जन्मभर ग्रंथपाल होते. घड्या घालण्याची त्यांची विद्या एकाच गोष्टीपुरती होती, ती म्हणजे पुस्तकाला कव्हर घालणं. त्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कागदावर त्यांचा भारी जीव. कुणी पुस्तक भिजवून परत आणलं, की त्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. ठकीच्या चित्रांच्या पुस्तकांना त्यांनी अशी काही झोकदार कव्हरं घातली, की तिनं भर वर्गात जाहीर करून टाकलं, "माझे आजोबा कागदाचं काय वाट्टेल ते करतात!"

आणि एका सकाळी ते ठकीला सोडायला गेले, तर बाई दारातच उभ्या.

"या, या! मुलं केव्हाची वाट बघतायत."

"माझी? अहो, पण मी तर उत्तरच..."

"नाही ना आलं! म्हटलं, यायचं नसतं तर कळवलं असतं. मौन म्हणजे होकार!"

आजोबा मागच्या मागे सटकणारच होते. तेवढ्यात ठकीची दोन शेंड्यांची मैत्रीण पुढं आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही थापा मारते. हिच्या आजोबांना नुसतं वाचता येतं."

ठकीनं आजोबांचं बोट घट्ट धरलं. तिची हनुवटी थरथरायला लागलेली आजोबांना दिसली आणि त्यांचे पाय आपोआप वर्गात वळले.

खुर्ची एवढीशी होती की बसल्यावर गुडघे कानाला लागले. समोर पतंगाचा असतो तसा पातळ, भडक रंगांचा कागद. "याचा रंग जरा हाताला लागतो हं," बाई म्हणाल्या. आजोबांच्या डोक्यात फूल होतं, पण हातांना कव्हरच ठाऊक. हातांनी कडा आत घेतल्या, कोपरे दाबले, झाकण मुडपलं आणि काम चोख संपवलं.

मुलांनी माना पुढं काढून पाहिलं.

"हे पाकीट आहे," दोन शेंड्या म्हणाल्या.

ठकीनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आयुष्यात संदर्भ तपासल्याशिवाय वाक्य उच्चारलं नव्हतं. आज मात्र तोंडातून निघून गेलं, "पाकीट नाही ते. बी आहे. फुलाचं."

"आत फूल आहे?"

"अजून उगवलं नाहीये."

हा प्रकार मुलांना एकदम पटला. फूल करणं अवघड, बी करणं सोपं! बघता बघता सगळ्यांनी लाल, पिवळी, हिरवी, जांभळी बियाणं घडवून टेबलावर पेरली. बाई खूश झाल्या, ठकीची मान ताठ झाली. आजोबांना वाटलं, सुटलो. आता घंटा वाजली की झालं.

"आजोबा, बीला पाणी घालतात ना?" ठकीनं विचारलं.

पुस्तकात सापडेल असा प्रश्न अखेर आला, म्हणून आजोबा हुरळून गेले. "म्हणजे काय! पाण्याशिवाय कधी काही उगवतं का?"

पुढचं वाक्य त्यांना बोलताच आलं नाही. वर्गातल्या सगळ्या पाण्याच्या बाटल्या एकदम उघडल्या.

"अरे, नको! नको! कागद आहे तो!"

पण टेबलावर तळं झालं होतं. त्यात कागद लोळागोळा होऊन पोहत होते. आजोबांच्या आतला ग्रंथपाल खडबडून जागा झाला. त्यांनी टेबलावर झेप घेतली, सगळी बियाणं दोन्ही हातांनी गोळा केली आणि बुडत्या लेकरासारखी छातीशी कवटाळली.

"सोडा हो आजोबा," बाई घाबरून म्हणाल्या. "रंग जातो त्याचा!"

आजोबांनी हळूच हात सोडले. लगदा खाली पडला. सकाळी इस्त्री केलेल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर लाल, पिवळे, जांभळे डाग पसरले होते आणि त्यांच्यामधून हिरवे ओघळ पोटाकडे निघाले होते. आजोबांनी डोळे मिटून घेतले. आता ठकीची सगळ्यांसमोर शोभा होणार.

"उगवलं!" कोणीतरी किंचाळलं.

"अगं, तुझ्या आजोबांनाच फुलं आली!" दोन शेंड्या टाळ्या पिटत नाचायला लागल्या.

"मग? सांगितलं होतं ना!" ठकी ऐटीत म्हणाली.

निघताना बाईंनी हात जोडले. "पुढच्या आठवड्यात फुलपाखरं! काय लागेल ते तेवढं कळवा. या वेळी मात्र नक्की."

घरी आजीनं दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. "हे काय हो?"

"वसंत आलाय."

"बादलीत भिजवा त्याला."

दुपारी आजोबांनी शब्दकोशातून पत्र काढलं. 'आदरणीय'ही नाही आणि 'माननीय'ही नाही, त्यांनी सरळ 'बाई' लिहिलं आणि खाली एकच ओळ घातली: 'साहित्य: टॉवेल, मोठा.' विकतचं पाकीट न घेता त्यांनी स्वतःच एक केलं. ते तर आता त्यांना वर्गाला शिकवण्याइतकं येत होतं.

टपालपेटीशी पोचल्यावर मात्र त्यांचे हात अडखळले. 'टॉवेल' फारच रुक्ष वाटत नाही ना? निदान 'कळावे' तरी लिहायला हवं होतं. ते पत्र खिशात परत ठेवणार, इतक्यात बरोबर आलेली ठकी म्हणाली, "मला उचला. मी टाकते."

त्यांनी तिला उचललं. पत्र फटीतून आत पडलं, तेव्हा आजोबांना हलकंहलकं वाटलं. अखेर उत्तर गेलं एकदाचं!

मग आतून घळघळ आवाज आला. ठकीच्या दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती उपडी होती.

"आता उगवेल हं, आजोबा."

आजोबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आणि भिजवलेल्या पुस्तकांपायी जन्मभर लोकांना फैलावर घेणारे ते ग्रंथपाल नातीला काखोटीला मारून धूम पळत सुटले.