हळदीखालचा नंबर

सोलापूर जिल्ह्यात जुनी बंदूक पारखावी ती सोमशेखरनंच, असं सोमशेखरचं स्वतःचं ठाम मत होतं, आणि हे मत तो कुणी न विचारता देत असे. नव्या पेठेमागच्या बोळात त्याचं दुकान होतं. बंदुका दुरुस्त करायच्या, जुन्या विकत घ्यायच्या आणि पुसून-तपासून परवानेवाल्या गिऱ्हाइकाला विकायच्या, हा वडिलांपासूनचा धंदा.

"डॉक्टरला एक्स-रे लागतो," तो म्हणायचा. "मला न्हाई लागत. बंदूक दारातनं आत येऊ द्या, तिथंच सांगतो तिचा मालक कोण, गाव कुठलं, आणि घरात भांडणं किती."

अलीकडे मात्र दारातनं बंदूक आत येणंच थांबलं होतं. शेतराखणीची म्हणून घेतलेली बंदूक वर्षभर कपाटावर झोपायची आणि खंडेनवमीला तेवढी पूजेपुरती उठायची. झोपलेल्या बंदुकीत बिघाड होणार तरी कसा? त्यात येत्या शुक्रवारी तपासणी होती. परवाना शाखेचे साहेब येऊन दुकानातली प्रत्येक बंदूक रजिस्टरशी जुळवून बघणार होते आणि मगच दुकानाचा परवाना पुढं चालू ठेवणार होते. एका जरी नंबरची गफलत निघाली, तर दुकानाला कुलूप. सोमशेखरचं वय अठ्ठावन्न. बंदुकीखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. साधा मिक्सर दुरुस्त करायला घेतला तर तो कायमचा बंद पडायचा, असा घरचा अनुभव होता. दुकान गेलं तर आपण दिवसभर घरात बसून शिवलीलेच्या हाताखाली मेथी निवडणार, हे चित्र त्याला आठवडाभर छळत होतं.

आणि सोमवारी सकाळी वळसंगचा सिद्धाराम आला. काखेत घोंगडीत गुंडाळलेली दुनळी.

"आमच्या कल्लप्पाअण्णांची हाय," सिद्धाराम म्हणाला. "अण्णा गेले. मला तर फटाका उडवायचं भ्या वाटतंय. विकायची परवानगी काढून आनलीया. एकदा हिला घरातनं हलवा."

सोमशेखरला बरं वाटलं. किती दिवसांनी खरं काम! त्यानं बंदूक मोडून नळ्या उजेडाकडं धरल्या, आतून बघितल्या. सांधा हलवून बघितला. घोडे चढवले, उतरवले, कान लावून आवाज ऐकला.

"नळी आतनं लख्ख," तो म्हणाला. "सांधा घट्ट. अण्णांनी जन्मात एक बार काढलेला दिसत न्हाई."

"एक काढला हुता," सिद्धाराम म्हणाला. "डुकरावर. लागला विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला."

नंबर तेवढा दिसत नव्हता. तो असतो नळीच्या बुडाशी, आणि तिथं चाळीस खंडेनवम्यांची हळद, कुंकू, विभूती आणि तूप यांचा बोटभर थर बसला होता. देवाला वाहिलेलं पुसायचं नाही, ही घरोघरची रीत. सोमशेखरनं थरावर हात फिरवला, नमस्कार केला आणि परवान्यावरचा नंबर बघून रजिस्टरात उतरवला : दोन हजार तीनशे अठरा. शिक्का मारला, पावती दिली. सिद्धाराम मोकळ्या हातानं, मोकळ्या मनानं एसटी पकडायला गेला.

दुपारी सोमशेखर रॉकेलचा बोळा घेऊन थर काढायला बसला. आधी कुंकू निघालं, मग विभूती, मग पुन्हा कुंकू. तासाभरानं खाली पोलाद लागलं, आणि पोलादावर नंबर लागला. सात हजार पंचेचाळीस.

त्यानं चष्मा पुसला. परवाना बघितला, बंदूक बघितली. चारातला एकही आकडा जुळत नव्हता.

तेवढ्यात शिवलीला डबा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा बघून दारातच थांबली. "एन आत रीऽ?" घाबरली की ती माहेरच्या कानडीवर येत असे.

काय झालं हे सांगणं सोपं नव्हतं. सोमशेखरच्या रजिस्टरात एक बंदूक होती, जी दुकानात नव्हती. आणि दुकानात एक बंदूक होती, जी रजिस्टरात नव्हती. सिद्धारामला ती परत द्यावी, तर हा नंबर त्याच्या परवान्यावर नाही, म्हणून देणं गुन्हा. ठेवून घ्यावी, तर या नंबरचा कागद नाही, म्हणून ठेवणं गुन्हा. संभाजी तलावात टाकावी, तर तो तिसरा गुन्हा, आणि तलावावर संध्याकाळी फिरायला अर्धं सोलापूर असतं.

"साहेबांना खरं सांगून टाका की," शिवलीला म्हणाली.

"काय सांगू? नंबर न बघता शिक्का मारला म्हणू?"

"मग का न्हाई बघितला?"

 सोमशेखरनं डबा न उघडताच वडिलांच्या वेळची दुरुस्तीची वही काढली. त्यात सात हजार पंचेचाळीस सापडला. मालक जोतीराम, मुक्काम मंद्रूप. सोमशेखरच्या जिवात जीव आला. सिद्धारामची बंदूक या जोतीरामकडंच असणार. कधीतरी अदलाबदल झाली असेल. त्याला गोडीनं बोलावून दोघांच्या बंदुका जुळवल्या की शुक्रवार पार पडला. पण फोनवर "तुमची बंदूक माझ्याकडं आहे" असं कसं सांगणार? माणूस आधी पोलिसांत जाईल. म्हणून सोमशेखरनं डोकं लढवलं.

"नमस्कार जोतीरामबापू. आम्ही यंदा बंदुकांची मोफत सर्व्हिसिंग करतोय. उद्याच आणा की."

आयुष्यात हा एवढा एक शब्द त्यानं बोलायला नको होता. मोफत.

मंगळवारी जोतीराम बापू आले. मिशीला पीळ, बंदुकीला हळद. सोमशेखरनं त्यांना चहा दिला, थर खरवडला, आणि खाली निघाला पाच हजार पाचशे बासष्ट. ना बापूंचा, ना सिद्धारामचा.

"सर्व्हिसिंग झाली का?" बापूंनी विचारलं.

"थोडं काम निघालंय बापू. राहू द्या दोन दिवस."

बापू गेले. आता दुकानात नको असलेल्या दोन बंदुका होत्या. वहीप्रमाणं पाच हजार पाचशे बासष्ट कुंभारीच्या शरणबसवची. त्यालाही फोन गेला. बुधवारी शरणबसवची बंदूक आली, तिच्या हळदीखाली होटगीच्या कुणाचा तरी नंबर निघाला, आणि बंदुका तीन झाल्या. सोमशेखरला रडू येऊ लागलं. अक्षरशः. गुडघ्यावर शरणबसवची बंदूक घेऊन तो स्टुलावर बसला आणि नाकातनं येणारं पाणी रॉकेलच्याच बोळ्यानं पुसून बसला, त्यामुळे पुढं तासभर नुसता शिंकत होता.

तिकडं जोतीराम बापूंनी परतीच्या एसटीत "फुकट हाय, चहा पन देत्यात" एवढंच सांगितलं होतं. त्याचा मेसेज कुणी बनवला ते कळलं नाही, पण बुधवारी रात्रीपर्यंत तो दक्षिण सोलापूर तालुक्यात घरोघर पोचला. मेसेजमध्ये चहाच्या जोडीला नाष्टाही आला होता.

गुरुवारी अकरा वाजता सोमशेखर बोळात शिरला तेव्हा दुकानापुढं रांग होती. आठ माणसं, आठ बंदुका. कुणाची पोत्यात, कुणाची सतरंजीत, एकाची नातवाच्या बॅटच्या पिशवीत. आदल्या तिघांनाही राहवलं नव्हतं, तेही झालेलं काम बघायला येऊन रांगेत शिरले होते. समोरच्या पतसंस्थेच्या मॅनेजरनं काचेतनं ही रांग बघितली, शटर आतून खाली ओढलं आणि टेबलाखालून पोलिसांना फोन लावला. दहा मिनिटांत गाडी आली. बंदुकांचा मामला म्हणून मागोमाग परवाना शाखेचे साहेबही आले. शुक्रवारची तपासणी गुरुवारीच दारात उभी राहिली.

साहेब शांत माणूस. त्यांनी बिनसाखरेचा चहा मागवला, रजिस्टर उघडलं आणि सगळी कथा ऐकून घेतली. सोमशेखरनं ती हात जोडूनच सांगितली. मग साहेबांनी बाकीच्या आठ बंदुकाही तिथंच पुसायला लावल्या. अकरापैकी एकही बंदूक ज्यानं आणली त्याची निघाली नाही.

"म्हंजी अण्णांची म्हनून आमी जिची पूजा करतूय," सिद्धाराम म्हणाला, त्यालाही मेसेज गेला होता, "ती बापूंची?"

"आन् आमी कुनाची करतूय?" बापू भडकले. "दर निवडणुकीला ठाण्यात जमा करतो, तवा तुमचं पोलिस नंबर बघत न्हाईत व्हय?"

"परवान्यावरचाच उतरवून घेतात," हवालदार खाली बघत म्हणाला. "हळद कोण खरवडणार, बापू? देवाचं असतंय."

तेव्हा कुंभारीच्या शरणबसवला आठवलं. "चौदा सालच्या निवडणुकीत सगळ्या गावांच्या बंदुका एकाच गोदामात ठेवल्या हुत्या. नावाच्या चिठ्ठ्या खळीनं चिकटवलेल्या. उंदरांनी खळीसकट खाल्ल्या. मग कुनीतरी अंदाजानं वाटल्या."

हे ऐकलं आणि सोमशेखरच्या अंगात चार दिवसांनी बळ आलं. चूक दुसऱ्याची होती. तो रजिस्टरवर हात आपटून उठला.

"अंदाजानं? साहेब, बंदुका म्हणजे काय भाजी आहे? नंबर न बघता वाटणारा हा गाढव कोण, त्याला आधी शोधा. परवाना रद्द करायचा तर त्याचा करा."

"शोधू," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कारकून नंदीशला जुनी फाईल आणायला पाठवलं.

फाईल येईपर्यंत सोमशेखर बोलतच होता. आमच्या धंद्यात जबाबदारी काय असते, अडाणी माणसाच्या हातात बंदुका दिल्या की काय होतं, वगैरे. रांगेतल्या मंडळींनी माना डोलावल्या. चहाची दुसरी फेरी झाली. मग नंदीश आला. साहेबांनी पिवळा कागद उलगडला आणि सावकाश वाचला.

"चिठ्ठ्या नष्ट झाल्याने, बंदुकांचे तज्ज्ञ म्हणून श्री. सोमशेखर यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी नंबर तपासण्याची आवश्यकता नसल्याचे सांगून सर्व बंदुका केवळ नजरेने ओळखल्या व मालकनिहाय वेगळ्या करून दिल्या. लागलेला वेळ, अर्धा तास."

खाली सही होती. शेपटी वळवलेली, झोकदार.

आता सोमशेखरला आठवलं. गोदामापुढचं कडुलिंबाचं झाड, खास त्याच्यासाठी मांडलेली खुर्ची, थंड सोड्याची बाटली. ही वळसंगची, ही मंद्रूपची, असं तो बोट दाखवत गेला होता आणि सगळे तोंडात बोट घालून बघत होते. किती छान दिवस होता तो. घरी येऊन शिवलीलेला दोनदा सांगितलं होतं.

 पतसंस्थेचं शटर हातभर वर झालं आणि मॅनेजरही ऐकू लागला.

"साहेब," सोमशेखर म्हणाला, "परवाना..."

"रद्द करता येईल," साहेब म्हणाले. "पण मग या बंदुका पुसून, नंबर वाचून, लेखी दाखला कोण देणार? जिल्ह्यात तुमच्याशिवाय हे काम करणारं दुसरं दुकान नाही. तेव्हा परवाना चालू. प्रत्येक बंदूक खऱ्या मालकाला पोचेपर्यंत तुम्ही हे काम करायचं. आणि मोफत, कारण तसं तुम्ही जाहीर केलंय."

दुकान वाचलं होतं. सोमशेखरनं डोळे मिटले, सुटकेचा श्वास घेतला. अकरा बंदुका म्हणजे काय, आठवड्याचं काम.

"त्या दिवशी एकूण किती वाटल्या होत्या, नंदीश?" साहेबांनी विचारलं.

नंदीशनं पान उलटलं. "एकशे चौसष्ट, साहेब. त्यातले बारा मालक वारले, सातजण पुण्याला गेले, आणि एकाचा पत्ता विजापूरचा आहे."

सोमशेखरनं रांगेकडं बघितलं. मग बोळाच्या तोंडाशी आणखी दोघं दुलईत गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन दुकान कुठं म्हणून विचारत होते, त्यांच्याकडं बघितलं. मग तो साहेबांच्या खुर्चीशी वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला,

"साहेब, परवाना रद्दच करून टाका की."

"करू," साहेब उठता उठता म्हणाले. "शेवटच्या बंदुकीनंतर अर्ज करा."