अकरा हातांविरुद्ध सोनवणे अण्णा

१९९८ साल. मला अडुसष्टावं चालू होतं, इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगचा मी चेअरमन होतो, आणि माझ्या घरात इंग्लंडचं राज्य आहे हे मला त्याच वर्षी कळलं. सांगणारे समोरच्या फ्लॅटमधले सोनवणे अण्णा.

"तुम्ही राजे, चेअरमन. मान तुमचा, सही तुमची. कारभार सगळा वहिनींचा."

आतून बायको हसली. म्हणजे खरं असावं.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे, कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, एवढंच काम. पण निवृत्त झाले ते जणू स्वतःच जज्ज होते अशा थाटात. मी चौथी पास, सगळा जन्म लेथवर घातला, पण न केलेल्या कामाची ऐट कधी मारली नाही. अण्णांनी बिल्डिंगमधल्या घराघराला देश वाटून दिले होते. तळमजल्यावरच्या जोडप्याकडे अमेरिका: नवरा ठरवणार, बायको अडवणार, दोन वर्षं झाली, सोफा काही आला नाही. वरच्या मजल्यावर हुकूमशाही, सासूबाईंची.

"आणि तुमच्याकडे काय?" मी एकदा विचारलं.

"राष्ट्रपती राजवट. विधानसभा बरखास्त."

त्यांची बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी हसलो. हसायला नको होतं, पण विनोद त्यांनीच केला होता.

करमणूक म्हणून हे ठीक. भानगड झाली अनुसयाबाईवरून. ही पेठ तालुक्याकडची बाई आमच्या जिन्याखाली टेबल टाकून इस्त्री करायची. तिला उठवायचं, असं मीटिंगमध्ये ठरलं. वहीत कारण लिहिलं, कोळशाचा धूर. खरं कारण माझ्या मुलाची नवी स्कूटर. स्कूटरला सावलीतली जागा हवी होती. अकरा हात वर झाले. एक खालीच राहिला.

"तिला बोलावलं होतं का?" अण्णांनी विचारलं.

"ती मेंबर नाही."

"नसेना का! उठवताय तर तिलाच ना?"

"बहुमत आहे, अण्णा. लोकशाही आहे."

"अहो, संसदेनं बहुमतानं केलेला कायदासुद्धा आपल्याकडे कोर्ट रद्द करतं!"

मीही काही कमी नाही. "इंग्लंडात नाही करत. तुम्हीच सांगितलंत, तिथं पार्लमेंट म्हणेल ते."

"मग जा लंडनला स्कूटर लावायला!" अण्णा कडाडले, आणि रागाच्या भरात घरच्या बोलीवर गेले. "हाऊ काय न्याय शे?"

सगळे खो खो हसले. मी वहीत 'मंजूर' लिहिलं. टेबल सकाळी हलवायचं ठरलं.

संध्याकाळी अण्णा घरी आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर.

"चेअरमन, कोर्टात नाव तीनदा पुकारायचं असतं. एकदा मी दोनदाच पुकारलं. दुपार झाली होती, पोटात भूक. वणीकडचा एक म्हातारा होता, व्हरांड्याच्या टोकाला नळावर पाणी पीत होता. साहेबांनी विचारलं, तीनदा पुकारलं? मी म्हटलं, हो. निकाल एकतर्फी लागला, त्याची राहती खोली गेली. तो तोंड पुसत आला आणि मलाच विचारतो, दादा, माझं नाव कधी येणार?"

"मग?"

"मी म्हटलं, झालं तुझं."

मला वाटलं, आता अमेरिका येणार, इंग्लंड येणार. काही आलं नाही.

"एवढं बायकोला सांगितलं होतं," अण्णा उठता उठता म्हणाले. "ती गेल्यावर सांगायला कुणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेक्रेटरीच्या आधी खाली गेलो. अनुसयाबाईला कुणीतरी कळवलंच होतं. ती टेबलावरच्या चादरीची घडी घालत होती. मी स्टूल ओढून बसलो.

"बाई, आवराआवर राहू दे. काल मीटिंगला तुला बोलवायचं राहून गेलं. काय म्हणणं आहे तुझं, सांग."

बाई अर्धा तास बोलली. त्यातला बराचसा भाग माझ्या मुलाच्या स्कूटरबद्दल होता, थोडा माझ्याबद्दल. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.