वहिनींच्या अर्जाचा छडा

माझ्यासारखी नजर शंभर वर्षांतून एकदा जन्माला येते, आणि सध्या ती एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवते. हे मीच म्हणतो. दुसरं कुणी म्हणेल म्हणून बरीच वाट पाहिली, पण माणसाने थांबायचं तरी किती? आजवर मी एकवीस प्रकरणं हाताळली. त्यांतली चार सुटली. उरलेल्या सतरांमध्ये हरवलेली वस्तू आपणहून जागेवर आली, आणि ती माझ्या धाकाने आली हे शेंबडं पोरही सांगेल. शिक्षकांच्या खोलीत मला ‘भिंग’ म्हणतात. आदराने म्हणतात की कसं, याचा तपास मी मुद्दामच हाती घेतलेला नाही.

बाविसावं प्रकरण मात्र घरातलंच निघालं.

माझ्या वहिनी आमच्याच शाळेत व्हॉलीबॉलच्या सहायक प्रशिक्षक. गेली अकरा वर्षं. आणि अकराही वर्षं ‘तात्पुरत्या’. यंदा मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाले, जागेची जाहिरात निघाली, आणि जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की नवी नेमणूक झाली की सहायकाचं पद महिनाअखेरीस बंद. म्हणजे वहिनींना एक तर वरची खुर्ची, नाही तर घरची.

या जागेवरून शिक्षकांच्या खोलीत उभे दोन तट पडले होते.

“आतलं माणूस घ्यावं. मुली ओळखतात, मैदान ओळखीचं,” एका तटाचं म्हणणं.

“बाहेरचं घ्यावं. जरा नवी हवा येईल,” भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

“हवाच हवी तर खिडकी उघडा ना, बाई. ती तुमच्याच खुर्चीमागे आहे,” पहिल्या तटाने सुचवलं.

या भूगोलाच्या बाईंना आमच्याकडे ‘नव्या बाई’ म्हणतात. त्या दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे आल्या त्याला एकोणीस वर्षं झाली. पुढच्या वर्षी निवृत्त होतील, तेव्हा निरोपाच्या भाषणातही नव्या बाईच असतील.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयाचं कुलूप उघडत होतो, तर वहिनी जिन्यावरून धापा टाकत आल्या. जिना चढून त्यांना धाप लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

“भाऊजी, फळ्यावर यादी लागलीय. एकच नाव आहे. ते माझं नाही.”

“अर्ज दिला होतात ना?”

“आठ दिवस झाले. स्वतःच्या हाताने शिक्काकाकांना दिला.”

शिक्काकाका म्हणजे आमचे हेडक्लार्क. समोर येईल त्यावर शिक्का मारायचा, हा त्यांचा स्वभाव. एकदा बायकोने डब्यात पाठवलेल्या चिठ्ठीवर ‘आवक’ मारून त्यांनी ती नोंदवून घेतली होती. आम्ही त्यांच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी ‘प्रशिक्षक पद – अर्ज’ असं लिहिलेली फाईल उघडली. आत एकच अर्ज होता, बाहेरच्या उमेदवाराचा.

“फायलीत नाही म्हणजे नाही,” शिक्काकाका म्हणाले. “अर्ज नाही तर मुलाखत नाही. समिती एक वाजता उठते.”

“अहो, तुम्हाला मी माहीत नाही का?” वहिनी म्हणाल्या.

“तुम्ही माहीत आहात हो. तुमचा अर्ज माहीत नाही.”

वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या आणि गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. अंतिम सामना एका गुणाने हरल्यावरही हसत घरी येणारी ही बाई. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. घड्याळात साडेअकरा झाले होते.

“वहिनी, काळजी करू नका,” मी म्हणालो. “प्रकरण माझ्या हातात आहे.”

“म्हणूनच काळजी वाटतेय,” त्या म्हणाल्या.

पहिला संशय अर्थातच नव्या बाईंवर. त्यांना बाहेरचं माणूस हवं होतं, म्हणजे हेतू आला. त्यांचं टेबल कार्यालयाच्या दाराशेजारी, म्हणजे संधी आली. मी वर्गात शिरलो तेव्हा त्या नकाशा टांगत होत्या.

“गेल्या सोमवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?” मी एकदम विचारलं. एकदम विचारलं की गुन्हेगार गडबडतो.

“इथेच. तास घेत होते.”

“साक्षीदार?”

“बेचाळीस,” त्या म्हणाल्या. बेचाळीस मुलींनी हात वर केले.

“पण तुम्हाला वहिनी नको होत्या!”

“मला तिच्याविरुद्ध काही नाही रे भिंगा. मला एवढंच हवं होतं की बाहेरून कुणीतरी यावं. म्हणजे निदान मी जुनी होईन.”

मी त्यांना निर्दोष सोडलं आणि नकाशाची एक बाजू धरून टांगू लागलो.

दुसरा संशय शिक्काकाकांवर. त्यांच्या टेबलावर चहाचा गोल डाग होता, आणि डागाच्या मधोमध कागदाच्या कडेएवढी सरळ कोरडी रेघ. म्हणजे तिथे कागद होता आणि तो हलवला गेला! मी खाली वाकून डाग हुंगला.

“काय करतोयस?”

“या डागाखालचा कागद कुठे गेला, काका?”

“तो तुझाच होता. ग्रंथालयाला नवं भिंतीवरचं घड्याळ हवं, असा. रद्दीत टाकला.”

तपासात अशी अवांतर माहिती फार निघते. ती मनाला लावून घ्यायची नसते, तरी मी थोडी लावून घेतली. बारा वाजून गेले होते.

तिसरा आणि पक्का संशय बाहेरच्यावर. दुसऱ्याचा अर्ज नाहीसा झाला तर फायदा कुणाला? हा मनुष्य व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, साधाभोळा दिसणारा. साधेभोळे दिसणारेच पक्के असतात. त्याच्या बुटांना लाल माती लागलेली होती, आणि आमचं मैदान लाल मातीचं. चोर सापडला!

“आपण या आवारात आधी येऊन गेला आहात,” मी त्याच्यासमोर उभा राहून म्हणालो.

“हो. तासाभरापूर्वी.”

इतक्या लवकर कबुली मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढचा प्रश्न तयार नव्हता.

“मैदान बघून आलो,” तोच पुढे म्हणाला. “तुमच्या जाळीचा डावीकडचा खांब कललाय. मुली सवयीने उजवीकडेच मारत असतील.”

पलीकडच्या बाकावरून वहिनींनी मान वर केली. “दोन वर्षं सांगतेय मी त्या खांबाचं! शिकवताना वेगळं शिकवावं लागतं.”

“मग तुमचीही आज मुलाखत असेल?” त्याने विचारलं.

“असती. अर्ज सापडत नाही.”

मग वहिनींनी त्याला सगळं सांगितलं. माझ्या संशयिताला माझ्या डोळ्यांदेखत तपासाची माहिती पुरवली जात होती, आणि मला काही करता येत नव्हतं. तो गृहस्थ ऐकून घेऊन उठला आणि सरळ शिक्काकाकांच्या टेबलाकडे गेला. आम्ही मागोमाग.

“साहेब, एक विचारू? मी बाहेरचा, मला तुमची पद्धत ठाऊक नाही. इथल्या शिक्षकाने तुमच्याकडे कागद दिला, तर तो कुठे जातो?”

“कुठे म्हणजे? रजेच्या फायलीत,” शिक्काकाका म्हणाले. “शिक्षक दुसरा कसला कागद देणार?”

हे मला सुचायला हवं होतं. पंचवीस वर्षं मी स्वतः त्याच टेबलावर कागद देतोय, आणि माझा जो कागद रजेचा नव्हता तो रद्दीत गेला होता.

शिक्काकाकांनी रजेची जाडजूड फाईल ओढली. पीटीच्या सरांचा ताप आणि चित्रकलेच्या बाईंच्या भाच्याचं लग्न यांच्या मधोमध वहिनींचा अर्ज होता. चार पानी. पहिल्या पानावर ‘आवक’चा शिक्का. खाली हिरव्या शाईत मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, सही आणि शेरा: ‘मंजूर. बदली शिक्षकाची सोय करावी.’ त्याखाली शिक्काकाकांच्या अक्षरात: ‘एक किरकोळ रजा वजा.’

“मंजूर आहे की!” शिक्काकाका आनंदाने म्हणाले. “मग मुलाखत कशाला?”

“काका, माझी रजा कापलीत?” वहिनी म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

मी त्या गृहस्थाला बाजूला घेतलं. “तुम्ही गप्प बसला असतात तर नोकरी तुमची होती.”

“होती,” तो म्हणाला. “पण मी पंधरा वर्षं माझ्या शाळेत सहायक होतो. आतलाच होतो हो. गेल्या साली तिथली जागा बाहेरच्याला गेली. माझा अर्ज तीन महिन्यांनी मिळाला, स्नेहसंमेलनाच्या फायलीत. तेव्हापासून बाहेरचा म्हणून फिरतोय.”

त्याचा राग करायचा मी सकाळपासून कसून प्रयत्न करत होतो. तो तिथे संपला.

एक वाजायला वीस मिनिटं असताना मोठ्या बाईंनी वहिनींना आत बोलावलं. त्याची मुलाखत आधी झाली आणि चांगली झाली, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वहिनी आत गेल्यावर मी दाराला कान लावला. ही आमच्या व्यवसायातली मान्यताप्राप्त पद्धत आहे. नव्या बाईंनी दुसरा कान लावला.

“तुमचा अर्ज मी आत्ता वाचतेय,” मोठ्या बाई आत म्हणत होत्या. “सही केली तेव्हा वाचला नव्हता. माफ करा.” मग पानं उलटल्याचा आवाज. “एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या संघात... संघाची कर्णधार? प्रशिक्षणाचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, पहिला क्रमांक. हे कधी केलंत?”

“तीन वर्षांपूर्वी. मे महिन्याच्या सुट्टीत.”

“अकरा वर्षं तुम्ही इथे आहात आणि यातलं मला काहीच माहीत नाही?”

नव्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुला तरी माहीत होतं का रे?”

मला माहीत नव्हतं. एकाच घरात राहतो आम्ही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वहिनी माहेरी गेल्या होत्या, असं मी धरून चाललो होतो. परत आल्या तेव्हा काळवंडल्या होत्या, तळहातांना घट्टे होते. मी बारकाईने पाहून निष्कर्ष काढला होता की माहेरी विहिरीवरून पाणी ओढावं लागतं. तसं मी दादालाही सांगितलं होतं.

एक वाजता दार उघडलं. जागा वहिनींना मिळाली. बाहेरच्या सरांनी पिशवी उचलली आणि त्यांच्याकडे येऊन म्हणाले, “तो खांब आधी सरळ करून घ्या.” वहिनींनी त्यांचा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, “सहायकाचं पद बंद करू नका, असं मी मोठ्या बाईंना सांगणार आहे. याल?”

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आणखी पंधरा वर्षं सहायक? नको ताई. पण तुमच्या संघाशी सामना खेळायला येईन, कुठल्या तरी शाळेचा मुख्य होऊन.” आणि ते फाटकाबाहेर निघून गेले. फार वाईट वाटलं. एक जागा आणि दोन लायक माणसं, याचा छडा कुठल्याच गुप्तहेराला लावता येत नाही.

घरी जाताना मी वहिनींच्या बरोबरीने चालत होतो. बराच वेळ धीर होईना. शेवटी विचारलंच.

“वहिनी, राज्याच्या संघाचं, त्या अभ्यासक्रमाचं, कधी बोलला नाहीत ते?”

“बोलले होते की. पहिली आल्याचं कळलं त्याच दिवशी, जेवताना.”

“मग मी कुठे होतो?”

“समोरच बसला होतात, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “शेजाऱ्यांची बादली कुणी नेली, ते आम्हाला समजावून सांगत होतात.”