गेलेल्याची गोळी

आमच्या निपाणीत कुणी म्हातारं माणूस गेलं, की रक्षाविसर्जनाला कावळ्याच्या आधी मारुती आण्णा हजर. कावळा निवदाला शिवला, की आण्णा मयताच्या थोरल्या पोराला बाजूला घ्यायचे. "लई वाईट झालं रं. गोळ्या किती उरल्यात?"

लोक चिडायचे. एका सावकाराचा पोरगा तर अंगावरच धावून आला. "लाज न्हाय वाटत?"

"बाचं धोतर दान केलंस न्हवं? मग गोळ्यांनी काय पाप केलंय? गेलेल्याची गोळी राहिलेल्यानं घ्यावी."

गोळ्या मिळाल्या. वर खोकल्याची अर्धी बाटलीही मिळाली.

आण्णांनी जन्मभर वखारीत तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च भरलेली पोती, पाठीवर उचलले. पेन्शन नावाची वस्तू त्या वखारीनं बघितलेली नव्हती. गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची ही गत. डॉक्टर चिठ्ठी फुकट द्यायचे, दुकानदार गोळी देत नसे.

जमलेला माल आधी माझ्यापुढं यायचा. मी आमच्या घरातला पहिला बी.ए., हे मी अजून विसरलेलो नाही. आण्णाही विसरू देत नसत. "ए बीए, वाच. मुदत हाय का ही पण मेलीय?" मग डॉक्टरांची मान हलली, की वाटप. दुसऱ्याची गोळी आपल्या घरात एक रात्र ठेवायची नाही, हा आण्णांचा नियम. आख्खी पट्टी हातात द्यायची, पण पहिली गोळी समोर गिळायला लावायची. कारण म्हातारी माणसं महागाची गोळी खात नाहीत, पदराला बांधून ठेवतात. "गिळलीस? आ कर बघू." माझ्या आईलाही त्यांनी सोडलं नाही.

आईला रक्तदाब. आण्णांच्या बायकोला, शांताकाकूंना, तोच आजार आणि डॉक्टरांनी दिलेली गोळीही तीच. एका उन्हाळ्यात शांताकाकू गेल्या. इकडं आईच्या गोळ्या संपलेल्या, माझी नोकरी अजून लागायची होती, आणि आई भिंत धरून चालत होती. पण गावभर मागत फिरणाऱ्या माणसाकडं मागायला आमची जीभ रेटेना.

काकूंच्या रक्षाविसर्जनादिवशी, दिवेलागणीला, आण्णाच आले. पट्टीतली एक गोळी काढून आईपुढं धरली.

"आज नको, आण्णा," आई म्हणाली.

"घे गं आक्का. माझ्या घरचा नियम काय येगळा हाय?"

आईनं गिळली. आण्णा हातातल्या पट्टीकडंच बघत उभे. शेवटी आईनंच आ केला. "बघा की."

आण्णांनी वाकून बघितलं, मान हलवली, चपला घातल्या. मी पट्टीसाठी हात पुढं केला. त्यांनी ती खिशात घातली.

"ऱ्हाऊ दे माझ्याकडं. रोजची रोज आणून देतो."