घाट, पंचनामा आणि गुंजाळकाका

गुंजाळकाकांच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करायला जागाच उरली नव्हती. वरच्या पट्टीत एक्स्टेंशनं इतकी दाटीवाटीनं बसलेली, की वेबसाइटचं नाव लिहायचा रकाना अंगठ्याएवढा झाला होता. कुणी हसलं की काका म्हणायचे, "जायचं कुठं ते मला म्हाईत हाय. गेल्यावर मोडायचं काय, त्याला अवजारं लागत्यात."

काका नगरच्या सावेडीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. आम्ही पोरापोरींनी वेबसाइट बनवायची आणि काकांनी ती मोडून दाखवायची. वय पन्नाशीपुढचं, मूळ गाव पाथर्डीकडचं. पूर्वी नगरात त्यांचा सायबर कॅफे होता. घरोघरी मोबाइल आले, कॅफे बंद पडला, आणि तिथं गिऱ्हाइकांनी केलेल्या सगळ्या खोड्या डोक्यात साठवून काका आमच्याकडं रुजू झाले.

एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडायची लहानसहान हत्यारं. त्यांची इंग्रजी नावं काकांना पाठ होती, पण त्यांनी सगळ्यांचं बारसं नव्यानं केलेलं. खोटी नावं-पत्ते टाकून क्षणात फॉर्म भरणारं ते 'बोगस मतदार'. पानावरची अंतरं मोजणारं 'तलाठी'. जुन्या खुणा पुसून ब्राउझर कोरा करणारं 'केरसुणी'. अधू नजरेला पान कसं दिसेल ते दाखवणारं 'मोतीबिंदू'. स्क्रीनवर काय काय घडलं त्याचं चित्रीकरण करणारं 'पंचनामा'. आणि सगळ्यात लाडकं, इंटरनेट मुद्दाम मंद करणारं, त्याचं नाव 'घाट'. "चला, गाडी घाटाला लावू," असं काका म्हणाले की आम्ही हातातली कामं टाकून त्यांच्या खुर्चीमागं जमायचो.

पंचनाम्यात त्यांचा आवाजही यायचा. आधी खोकला, मग चहाचा भुरका, मग निकाल: "दिसतंय लई ग्वाड. चालतंय कुठं?"

ऑफिसबाहेरही सुटका नव्हती. एका नव्या हॉटेलात मेनू मोबाइलवर उघडायचा होता. आम्ही ऑर्डर दिली, जेवण आलं, तरी काका फोन उभा-आडवा करत बसलेले. शेवटी मालकाला बोलावून गंभीरपणे म्हणाले, "फोन आडवा केला की तुमची शेवभाजी गायब हुती. गिऱ्हाइक उपाशी मरंल." मालकानं आधी फोनकडं, मग काकांपुढच्या शेवभाजीकडं पाहिलं आणि तो गल्ल्यावर जाऊन बसला.

अशात भंडारदऱ्याकडचं काम आलं. तिकडच्या डोंगरातल्या बायकांच्या एका गटानं घरातल्या खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं होतं. त्यांची बुकिंगची वेबसाइट मी बनवली. वर धबधब्याचा व्हिडिओ, खाली पांढऱ्यावर फिकट करडी नाजूक अक्षरं. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पाठ थोपटली. मग काकांनी गाडी घाटाला लावली. धबधबा काही पडेना. मोतीबिंदू लावला तर अक्षरंही दिसेनात.

"अहो काका, पाहुणे पुण्या-मुंबईचे," सर म्हणाले. "त्यांच्याकडं नेट पळतं."

"पाव्हन्यांकडं पळतंय की. पन आलेल्या बुकिंगला 'हो' म्हनायचं कुनी? तिथल्या बाईनं. ती ऱ्हाती डोंगरात. 'हो' पोचलं न्हाई, तर साइटवर खोली मोकळीच दिसंल. मग पाव्हना दारात आन् खोलीत दुसराच झोपलेला!"

मला चेव चढला. व्हिडिओ काढला, अक्षरं ठसठशीत केली, आणि एक युक्ती योजली: नेट नसताना बाईनं 'हो' दाबलं तर ते तिच्या फोनमध्येच जपून ठेवायचं आणि रेंज आली की आपोआप पाठवायचं. काका ते मोडायला आठवडाभर भिडले. मधेच नेट बंद केलं, एकच बटण खडाखडा दाबून दुहेरी बुकिंग करून दाखवलं. मी दुरुस्त करायची, ते पुन्हा मोडायचे. शेवटच्या पंचनाम्यात खोकला आला, भुरका आला, आणि मग: "पोरी, हरलो." इतक्या आनंदानं हरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

उद्घाटन भंडारदऱ्याजवळच्या राजूरला, बाजारच्या दिवशी. हॉल खचाखच भरलेला. हे काम जमलं तर आजूबाजूच्या गावांची कामं आम्हाला मिळणार होती, आणि फसलं तर बायकांचा तो हंगाम कोरडा जाणार होता. गटाच्या प्रमुख हिराबाई फोन घेऊन पुढं उभ्या. नगरहून आमच्या एका सहकाऱ्यानं त्यांची खोली मागितली. मागणी फोनवर आली, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात रेंज गेली. हिराबाईंनी 'हो' दाबलं. पडद्यावर 'तुमचं उत्तर जपून ठेवलं आहे' असं आलं, पण ते वाचतंय कोण? त्यांनी पुन्हा दाबलं. मग गवऱ्या थापाव्यात तसं बटण थापायलाच लागल्या.

"दाबा बाई, दाबा!" काका मागून ओरडले. सरांनी कपाळाला हात लावला.

बऱ्याच वेळानं कुठून तरी रेंजची एक काडी उगवली. हिराबाईंच्या फोनवर हिरवी खूण आली आणि सरांचा फोन वाजला. नगरहून आवाज आला, "खोली मिळाली!"

"किती बुकिंगं पडली?" काकांनी फोन हिसकावलाच.

"एकच!"

काकांनी कुस्ती मारलेल्या पैलवानासारखे दोन्ही हात वर केले. हॉल दणाणला. कुणीतरी माझ्यावर गुलाल उधळला. वेबसाइटसाठी गुलाल अंगावर घेतलेली नगर जिल्ह्यातली मी बहुधा पहिलीच. त्या हंगामात हिराबाईंच्या गटाची एकही खोली रिकामी राहिली नाही आणि आमच्याकडं आणखी गावं आली.

जेवण हिराबाईंच्या घरी होतं. वाढता वाढता त्यांनी काकांना सहज विचारलं, "भाऊ, घरी कोन कोन असतंय?"

"मी असतो की," काका म्हणाले.

आम्ही हसलो. हिराबाई हसल्या नाहीत. त्यांनी काकांच्या ताटात न विचारता भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "मंग भाऊबीजेला हितं यायचं. मला बी भाऊ न्हाई."

काका मान खाली घालून जेवत राहिले.

दिवाळीत आत्याला गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले होते. राजूरच्या गाडीच्या फलाटावर काका उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा आणि कापडी पिशवी. मला बघून आधी चपापले, मग बाजूला घेऊन पिशवीतली साडी अर्धी बाहेर काढली. पोपटी, जांभळ्या काठाची.

"रंग बरा हाय का गं? दुकानदार म्हनला, बायांना आवडतो. मला काय कळतंय त्यातलं? कुनासाठी कधी घ्यायची येळच आली न्हाई."

"छान आहे, काका. खुलेल त्यांना."

"खरं सांग हां."

"खरंच."

गाडी लागली. काका खिडकीशी बसले, साडीची पिशवी मांडीवर घेतली आणि गर्दीत चुरगळू नये म्हणून तिच्याभोवती दोन्ही हातांचं कडं केलं.