तक्त्यातले किलोमीटर

ट्रकच्या नोकरीत पगार किलोमीटरवर मिळतो हे कळलं, त्या दिवशी नवा ड्रायव्हर घरी आला आणि हातपाय न धुताच कागद-पेन्सिल घेऊन बसला. नवा हे आपलं म्हणायला, वय बेचाळीस. अठरा वर्षं तो एका कचेरीत लिफ्ट चालवत होता. मग लिफ्टला आपोआप चालणारी बटणं आली आणि साहेबांनी याला नमस्कार केला. अठरा वर्षांत वर-खाली मिळून किती किलोमीटर झाले, ते कोणी मोजले नव्हते. आता चाक फिरलं की पैसे.

"पहिले तीन महिने शिकाऊ दर आहे," तो बायकोला म्हणाला. "जुन्यांच्या निम्म्याहून थोडा जास्त. आणि माल भरायला ताटकळत बसलो तर त्याचे शून्य."

"मग वॉशिंग मशीनचं तीन महिन्यांनी बघू."

"छे. किलोमीटर वाढवले की झालं."

कपडे घासून घासून बायकोची मनगटं धरली होती. तिने न्हाणीघरातला एक कोपरा रिकामा करून ठेवला होता आणि तिथे बादलीसुद्धा ठेवू देत नव्हती. लग्नापासून आपण हिला मोठं असं काही घेतलं नाही, हे त्याला फार लागून राहिलं होतं. पहिल्या पगारातच मशीनचा पहिला हप्ता भरायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

किलोमीटर वाढवायला तसा त्रासही पडला नाही. गोदामापासून कारखान्यापर्यंत सरळ रस्ता चारशे दहाचा. टेकड्यांना वळसा घालून गेलं की चारशे ऐंशी. जुने ड्रायव्हर सगळे सरळ रस्त्याने जात. याला त्यांचं नवल वाटे. कंटाळा करत असतील, दुसरं काय. महिन्याच्या सात फेऱ्या त्याने जाता-येता वळशानेच केल्या, मीटरवरचा आकडा रोज बायकोला फोनवर कळवला, आणि त्या भरवशावर तिने मशीन सांगून टाकलं. पगाराच्याच दिवशी घरपोच.

पगाराला तो दाढी करून गेला. हिशेबाच्या बाईंनी चष्मा वर केला.

"तुम्ही सहा हजार सातशे वीस लिहिलेत. इथे पाच हजार सातशे चाळीस होतात."

"मीटर बघा ना मॅडम."

"मीटर कशाला बघू? तक्ता आहे." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. कुठून कुठे किती अंतर, ते सगळं तिथे छापलेलं होतं. त्याच तक्त्याच्या खिळ्याला तो महिनाभर आपली पिशवी टांगत आला होता. "पैसे तक्त्याप्रमाणे. फिरून गेलात ती तुमची हौस. जेवढे फुकट फिरलात, तेवढ्यात आणखी एक फेरी झाली असती. जास्तीच्या डिझेलचे निम्मे कापलेत. साहेब सगळे कापणार होते, मी सांभाळून घेतलं."

त्याने स्लिप पाहिली. लिफ्टमध्ये याहून जास्त मिळत होते, तेही उभ्या उभ्या.

तो घरी पोहोचला तेव्हा दारात टेम्पो उभा होता. खोका अजून टेम्पोतच होता आणि बायको पिकल्या मिशांच्या टेम्पोवाल्याशी वाद घालत होती.

"अहो, बरं झालं आलात. वाहतुकीचे पैसे किलोमीटरवर आहेत. दुकान आठ किलोमीटर, मी स्वतः बसने जाऊन आलेय. आणि हे पंधरा लावताहेत."

"मीटर बघा ना ताई," टेम्पोवाला म्हणाला.

"मीटर कशाला बघू? फिरून आलात ती तुमची हौस."

ड्रायव्हरने चमकून बायकोकडे पाहिलं. ही हिशेबाच्या बाईंना कधी भेटली?

"देऊन टाक गं," तो हळूच म्हणाला. "नवीन आहेत ते. पहिल्या महिन्यात वाटतं तसं, लांबून गेलं की जास्त मिळतात म्हणून."

टेम्पोवाल्याचे डोळे भरून आले. "तुम्हाला कसं कळलं? शिवणकाम करत होतो हो आजवर. कालच लागलो."

बायकोने नुसता हात पुढे केला. त्याने स्लिप दिली. तिने ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली.

"मशीन परत केलं," ती टेम्पोवाल्याला म्हणाली, "तर परतीच्या किलोमीटरचे कोण देतं?"

"कोणी नाही," दोघे ड्रायव्हर एकदम म्हणाले.

"मग उतरवा. पहिल्या हप्त्यापुरते आहेत. पुढचं पुढे बघू, पण सरळ रस्त्याने."

दोघांनी मिळून मशीन रिकाम्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. ते अगदी मोजून मापून बसलं. बायकोने त्यावरून हात फिरवला, टेम्पोवाल्याला आठ किलोमीटरचे पैसे आणि एक कप चहा दिला, आणि तो गेल्यावर नवऱ्याकडे वळली.

"तुमचं ऑफिस इथून किती लांब?"

"दोन किलोमीटर."

"पगार दहाला झाला, स्लिपवर वेळ आहे. आता साडेबारा वाजलेत. आलात कुठून?"

त्याने मशीनचं एक बटण दाबून पाहिलं.

"तळ्याला वळसा घालून," तो म्हणाला. "तुला स्लिप दाखवायची म्हटल्यावर पाय तिकडेच गेले."

"किती झाले?"

"नऊ."

"तेही फुकटच," असं म्हणून तिने त्याला पाटावर बसवलं आणि दुखऱ्या पायांना लावायला तेल गरम करायला ठेवलं.